स्वयंचलित यंत्र आणि त्याचा चालक

यंत्रे अधिकाधिक स्वायत्त होत गेली म्हणजे कारखान्यातील मनुष्य प्रथम गौण, नंतर अडचणीचा आणि अखेरीस बेदखल होणार, ही समजूत आता इतकी रूढ झाली आहे की तिची उलटतपासणी करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. वास्तविक या एका समजुतीत तीन निरनिराळे गैरसमज एकवटलेले आहेत.

गैरसमज : स्वयंचलित यंत्र म्हणजे माणसावाचून चालणारे यंत्र.

वस्तुस्थिती : जपानचे साकिची तोयोदा यांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग सिद्ध केला, तो धोट्यातील सूत संपत आले की न थांबता धोटा बदलीत असे, परंतु ताण्याचा धागा तुटताच मात्र तो आपण होऊन थांबे. थांबलेल्या मागापाशी जाऊन गाठ मारणे आणि धागा का तुटला हे ताडणे, हे काम विणकराचेच राहिले. एकाच विणकराला अनेक माग सांभाळता येऊ लागले, म्हणजे माणसांची संख्या घटली, हे खरे. पण जो उरला त्याच्याकडे नित्याचे श्रम जाऊन अपवादाचा निवाडा आला.

गैरसमज : उरलेले काम सोपे असते.

वस्तुस्थिती : लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ साली दाखवून दिले की, जे काम यंत्राकडे सोपवणे संकल्पकाला साधत नाही नेमके तेच चालकाच्या वाट्याला येते, आणि रोजच्या सरावाची संधी गमावलेल्या त्याच चालकाने कठीण प्रसंगी मात्र निष्णाताप्रमाणे वागावे अशी अपेक्षा केली जाते. नुसती देखरेख तरी कुठे सोपी असते? नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, क्वचितच उमटणाऱ्या खुणेवर नजर ठेवून बसलेल्या माणसांची दक्षता अर्ध्या तासातच ओसरू लागल्याचे आढळले होते.

गैरसमज : अपघात झाला म्हणजे माणूस चुकला, त्याला वगळले की अपघात टळेल.

वस्तुस्थिती : अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील अणुभट्टीत २८ मार्च १९७९ रोजी पहाटे जे घडले, ते या बाबतीत फार उद्बोधक आहे. भट्टीतील दाब वाढल्यामुळे आपोआप उघडलेली एक झडप दाब उतरल्यावर मिटावयास हवी होती, ती उघडीच अडकून राहिली. तथापि नियंत्रण कक्षातील तिचा दिवा विझला, कारण तो दिवा मिटण्याचा हुकूम सुटल्याचे तेवढे दर्शवीत असे, हुकुमाची तामिली झाल्याचे नव्हे. पहिल्या काही मिनिटांतच शंभरांहून अधिक इशारे एकदम सुरू झाले, आणि पाणी गळत आहे हे ज्यांवरून उमगले असते त्यांपैकी काही दर्शके फलकाच्या मागील बाजूस होती. अशा स्थितीत पाणी प्रमाणाबाहेर भरले आहे असा ग्रह होऊन चालकांनी आणीबाणीचा पाणीपुरवठा कमी केला, आणि त्यापायी भट्टीचा सुमारे निम्मा गाभा वितळला. पुढच्या पाळीसाठी आलेल्या एका अधिकाऱ्याने नव्या नजरेने ताळा पाहून गळतीच्या वाटेवरील दुसरी झडप बंद करवली, तेव्हा दोन तासांहून अधिक वेळ चाललेली ती गळती थांबली. दिव्याने ज्यांना चकवले ती माणसे होती आणि दिव्यावर विसंबून न राहता ज्याने गळती थांबवली तोही माणूसच होता, या गोष्टीचा माणसाला वगळू पाहणाऱ्यांनी अवश्य विचार करावा.

जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने चालकांच्या चुका झाकल्या नाहीत. परंतु अपुरे शिक्षण, संदिग्ध कार्यपद्धती आणि सदोष नियंत्रण कक्ष यांच्यावरही तितकाच स्पष्ट ठपका ठेवला. १९७७ साली ओहायोतील डेव्हिस-बेसी येथे याच जातीची झडप अशीच अडकली होती. त्या प्रसंगाचा बोध थ्री माइल आयलंडच्या चालकांपर्यंत पोचलाच नव्हता.

तात्पर्य, चालकाला खरी माहिती मिळावी, हाताने काम चालवण्याचा सराव त्याला राहावा आणि अन्यत्र घडलेल्या चुका त्याला वेळेवर कळाव्यात, या तिन्ही गोष्टींवरील खर्च यंत्राच्या किमतीतच धरला पाहिजे. तो खर्च वाचवून घेतलेले यंत्र स्वस्त पडले असे वाटते खरे, पण त्याची उरलेली किंमत पुढे अपघातात वसूल होते आणि ती पुष्कळदा चालकाच्या नावावर मांडली जाते.