वऱ्हाडच्या फायली आणि अक्षरांचा तक्ता

अमरावती-अकोल्यातल्या जुन्या डीटीपी सेंटरच्या कपाटांत अजून सीडींचे गठ्ठे पडून आहेत. सहकारी संस्थांचे अहवाल, सभासदांच्या याद्या, शाळांच्या स्मरणिका, गावोगावची वर्गणी. नव्या संगणकावर यातली फाइल उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसतो. ‘फाइल खराब झाली’ म्हणून ती पुसून टाकणारे पुष्कळ. मजकूर मात्र आत जसाच्या तसा असतो.

एका बाइटमध्ये २५६ जागा. कृतिदेव, श्रीलिपी, आकृती, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या किंवा इतर चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले: अर्धा भ, काना, वेलांटी, रफार. प्रत्येकाची मांडणी वेगळी. १९९१ साली इस्की हे भारतीय मानक आलं आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण छापखान्याला पेजमेकरमध्ये सुबक उमटणारं अक्षर हवं होतं, आणि ते फॉन्टच देत होते. त्यामुळे दोन दशकांहून अधिक काळचं मराठी या खासगी मांडण्यांत साठलं. ते सोडवायला तक्ता लागतो: डाव्या रकान्यात फॉन्टचा संकेत, उजव्या रकान्यात युनिकोडचं अक्षर.

नुसत्या अदलाबदलीने मात्र भागत नाही. ‘मूर्तिजापूर’ घ्या. कृतिदेवमध्ये हे नाव असं साठतं: ई, डब्ल्यू, एफ, आर, मोठा झेड, टी, के, आय, डब्ल्यू, जे. एफ म्हणजे पहिली वेलांटी. ती दिसते तशी ‘त’च्या आधी टंकलेली. मोठा झेड म्हणजे रफार. तो ‘त’च्या नंतर. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालतं: आधी र, मग हलन्त, मग त, मग वेलांटी. म्हणजे वेलांटीला पुढच्या व्यंजनापलीकडे न्यायचं आणि रफाराला मागे आणायचं. ‘दर्यापूर’मध्ये तर रफार कान्याच्याही नंतर येतो, म्हणून त्याला काना आणि य दोन्ही ओलांडावे लागतात. जोडाक्षर असेल तर अख्खं जोडाक्षर. हे नियम तक्त्याच्या जोडीला लिहावेच लागतात. तक्त्यातल्या लांब जोड्या आधी आणि सुटे संकेत नंतर, हा क्रमही पाळायचा, नाहीतर ‘ो’चे काना आणि मात्रा वेगवेगळे पडतात.

याद्यांच्या फायलींत खरी गंमत पुढेच आहे. कृतिदेवमध्ये स्वल्पविरामाच्या जागी ‘ए’ बसतो, अर्धविरामाच्या जागी ‘य’, दुहेरी अवतरणाच्या जागी अर्धा ‘ष’. सीएसव्ही फाइलीत स्वल्पविराम म्हणजे रकान्याची भिंत! एखादा ‘एकनाथ’ आला की ओळ फुटते आणि त्याची वर्गणी भलत्याच रकान्यात जाते. म्हणून मूळ प्रोग्राममधूनच टॅबने वेगळी केलेली फाइल काढावी आणि तक्ता फक्त मराठी रकान्यांना लावावा. इंग्रजीत टंकलेल्या रकान्याला तो लागला, तर त्यातून निरर्थक मराठी निघतं. डीबेसच्या जुन्या फायलींत रकान्याची रुंदी ठरलेली असते. मूर्तिजापूर तिथे १० बाइटांत मावतं. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून त्याच नावाला ३३ लागतात. रुंदी आधी वाढवली नाही, तर नावं शेपटाकडून कापली जातात.

तयार रूपांतरक मिळत असताना हा खटाटोप कशाला? याचं उत्तर आपल्या प्रदेशाच्या नावातच आहे. ‘वऱ्हाड’मधला ऱ्ह हिंदीत नाही. हिंदीसाठी केलेल्या तक्त्यांत त्याची ओळ बहुधा नसते आणि ‘वर्हाड’ हाती येतं. शिवाय युनिकोडमध्येही हा र दोन प्रकारे लिहिला जातो: एक ‘ऱ’ आणि हलन्ताने, दुसरा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह घेऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण साध्या शोधाला ते दोन वेगळे शब्द. तक्ता करतानाच एक रूप ठरवावं. मी पहिलं घेतो. ‘ॲ’चंही तेच. युनिकोडमध्ये हे अक्षर २००८ साली आलं, त्याआधी अ आणि चंद्र जोडून काम भागायचं. ‘ॲड.’ आणि ‘अॅड.’ यादीत वेगवेगळे राहिले, तर एकच वकील दोनदा मोजला जातो.

पडताळणीला आपल्या तालुक्यांची नावं फार कामाची. अमरावतीचे १४, अकोल्याचे ७. बार्शीटाकळी, अंजनगाव सुर्जी, दर्यापूर आणि मूर्तिजापूर रफाराची परीक्षा घेतात, चिखलदरा वेलांटीची, तेल्हारा आणि नांदगाव खंडेश्वर जोडाक्षरांची. ही २१ नावं सुधरली की खरी यादी लावावी आणि मराठी रकान्यात इंग्रजी अक्षर कुठे उरलंय का ते शोधावं. उरलं, तर तक्त्यात तेवढी ओळ कमी आहे. मग मजकूर पुन्हा फॉन्टच्या संकेतांत फिरवून मूळ फाइलीशी ताडावा. जिथे फरक, तिथे बोट ठेवून पाहावं.

मूळ फाइल पुसू नये. तक्ता साध्या मजकुराच्या फाइलीत, फॉन्टचं पूर्ण नाव वर लिहून, तिच्याशेजारी ठेवावा. एकाच घराण्यातल्या दोन फॉन्टांची मांडणीही नेहमी सारखी नसते, हे पुढच्या माणसाला त्या नावावरूनच कळेल. या कामाला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. मराठी टंकलेखन जाणणारा एक जण आणि थोडं प्रोग्रामिंग येणारा एक विद्यार्थी, एवढे दोघे पुरतात. तशी माणसं दोन्ही शहरांत आहेत. सीडी वाचणारे ड्राइव्ह मात्र झपाट्याने कमी होत आहेत, तेव्हा फायली उतरवून घेण्याचं काम या दिवाळीच्या साफसफाईतच उरकलेलं बरं.