शिरेंतली गुठळी

दीर्घकाळ औषध द्यावयाचें असतां दंडाच्या शिरेंतून बारीक नळी हृदयाजवळ नेऊन ठेवितात. तिच्याभोंवतीं रक्त गोठल्यास हात सुजतो. गुठळी सुटून फुप्फुसांत गेल्यास जिवावर बेततें.

शंका येतांच सोनोग्राफी करितात. यंत्राची मूठ वरून दाबली कीं निरोगी शीर चपटी होते. आंत गुठळी असल्यास दबत नाहीं. गळपट्टीच्या हाडामागील शीर दाबतां येत नाहीं. तेथें डॉप्लरचें १८४२ सालचें तत्त्व उपयोगी पडतें : वाहत्या रक्तावरून परतणाऱ्या ध्वनीचा स्वर बदलतो, प्रवाह थांबल्यास बदलत नाहीं.

गुठळी सापडली तरी नळी काढावीच लागते असें नाहीं. ती चालू व गरजेची असल्यास रक्त गोठूं न देणारें औषध देऊन ठेवितां येते. म्हणून हात जड वाटल्यास नळी जाईल या भीतीनें गप्प बसूं नये. डॉक्टरांस तत्काळ सांगावें.