वाऱ्यात ज्योत टिकते कशी?

गावी केमला गेलं की एक प्रश्न हमखास येतो: "ट्रकचा जुना टर्बो घेऊन घरी जेट इंजिन करता येतं का?" येतं. टर्बोत कॉम्प्रेसर आणि टर्बाइन एकाच दांड्यावर आयते मिळतात. नसते ती फक्त मधली भट्टी, म्हणजे दहनकक्ष. खरी मेख तिथंच आहे.

शांत मिश्रणात गॅसची ज्योत सेकंदाला साधारण 40 सेंटिमीटर सरकते. कॉम्प्रेसरची हवा त्याच्या शंभरपट वेगाने सहज येते. मग ज्योत विझत कशी नाही?

ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आठवा. काच वारा अडवते आणि बर्नरच्या बारीक भोकांतून वातीला बेताचीच हवा मिळते. दहनकक्षातही बाहेरच्या डब्यात एक भोकांची नळी बसवतात. पुढच्या भोकांतून थोडी हवा आत येते, तिचा भोवरा होतो, आणि ज्योत त्या भोवऱ्यात तग धरते.

बाकीची हवा मागच्या मोठ्या भोकांतून शिरते, ती मुख्यतः गार करायला. एक किलो एलपीजी जाळायला साडेपंधरा किलो हवा पुरते. पण तेवढ्यावर भागवलं तर वायू 1900 अंशांपुढे तापतो, आणि टर्बोची पाती हजाराच्या आतच हात टेकतात. म्हणून तीन-चारपट हवा लागते.

भोकांचं गणित चुकलं तर ज्योत थेट पात्यांवर जाते. मिनिटाला लाखभर फेरे घेणारं चाक फुटलं, तर तुकडे गोळीसारखे उडतात. तेव्हा गणित घरी जरूर करा. पेटवायचं मात्र जाणकारासमोर, प्रयोगशाळेतच.