विश्लेषण : समुद्रकिनारी तंबूत राहायला जाताय? बुकिंगआधी भरतीची वेळ का पाहावी?

पावसाळा सरला की अलिबाग, नागाव, रेवदंडा, काशीदपासून दापोली, गुहागर, तारकर्लीपर्यंत किनाऱ्यालगतच्या वाड्यांत आणि सुरूच्या बनांत तंबू उभे राहतात. आत गादी आणि पंखा, संध्याकाळी शेकोटी आणि बार्बेक्यू, सकाळी गरम पोहे असा बेत असतो. जाहिरातीत समुद्र तंबूपासून ‘दहा पावलांवर’ असतो. नेमके हेच अंतर तपासून घ्यायला हवे, कारण समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा पुढे येते आणि दोनदा मागे जाते.

भरतीची वेळ कशी काढायची?

कोकणात यासाठी जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा, तर पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी येते. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. जागेनुसार यात थोडाफार फरक पडतो. म्हणून हा हिशेब अंदाजापुरता वापरावा आणि नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहावी किंवा स्थानिक कोळीबांधवांना विचारावी.

पौर्णिमेची रात्र जोखमीची का?

चांदण्यात किनाऱ्यावर मुक्काम करायचा म्हणून अनेक जण पौर्णिमा गाठतात. पण पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास एका रेषेत येतात आणि समुद्राला उधाण येते. ओहोटीला पाणी नेहमीपेक्षा लांब जाते आणि भरतीला नेहमीपेक्षा वर चढते. मुंबई-अलिबाग परिसरात उधाणाच्या मोठ्या भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर जाते.

आता सहलीचे वेळापत्रक पाहा. पर्यटक संध्याकाळी पाचच्या सुमारास पोहोचतात. तेव्हा पूर्ण ओहोटी असते. किनारा लांबरुंद दिसतो, गाडी वाळूत न्यायचा मोह होतो. जेवण, गाणी, शेकोटी आटोपून रात्री अकरानंतर मंडळी पाण्याकडे फिरायला निघतात, तेव्हा समुद्र पूर्ण भरलेला असतो. संध्याकाळी जिथे क्रिकेट खेळले, तिथे आता कमरेएवढे पाणी असू शकते. अंधारात लाट किती मोठी, ओढ कुठे आहे, हे कळत नाही.

ओहोटीही निर्धोक नाही. मागे जाणारे पाणी माणसाला आत ओढते. खाडीच्या मुखाजवळ ही ओढ अधिक असते. मुरुडच्या समुद्रात १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळा नव्हता, वादळ नव्हते. ओढीत सापडल्यास थेट किनाऱ्याकडे पोहत राहिल्याने माणूस दमतो. तरंगत राहून किनाऱ्याला समांतर सरकावे आणि ओढ कमी झाली की बाहेर यावे.

तंबूची जागा योग्य आहे, हे कसे ओळखायचे?

वाळूवर सुकलेले शेवाळ, शिंपले, काटक्या यांची एक रेघ दिसते. ती अलीकडच्या भरतीची खूण. तंबू या रेघेच्या बराच वर, शक्यतो वाडीच्या बांधाच्या आत असावा. सुरूच्या बनात तंबू असेल, तर वर वाळक्या फांद्या नाहीत ना, हे पाहावे.

नियम काय सांगतात?

सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) २०१९ च्या अधिसूचनेने शॅक, स्वच्छतागृहे, कपडे बदलण्याच्या खोल्या अशा तात्पुरत्या पर्यटन सुविधांना किनाऱ्यावर वाव दिला. मात्र त्या भरतीरेषेपासून किमान १० मीटर दूर असायला हव्यात. म्हणजे सुविधा तात्पुरती असली, तरी तिला अंतराचे बंधन आहे. ‘अगदी पाण्याला लागून’ असे कुणी अभिमानाने सांगत असेल, तर परवानगीविषयी जरूर विचारावे.

बुकिंगआधी काय विचारायचे?

– भरतीच्या वेळी पाणी तंबूपासून किती लांब असते? शक्य असल्यास भरतीच्या वेळचा व्हिडीओ मागवा.
– रात्री किनाऱ्याकडे जाणारे फाटक बंद होते का? देखरेखीला कोण असते? जीवरक्षक किती वाजेपर्यंत असतात?
– शौचालये किती तंबूंमागे किती आहेत? सांडपाणी शोषखड्ड्यात जाते की थेट वाळूत? किनारी गावांतल्या गोड्या पाण्याच्या विहिरी उथळ असतात. त्या बिघडल्या तर पर्यटक परततात, भोगतात गावकरी.
– विजेच्या तारा ओल्या जमिनीवरून तर नेलेल्या नाहीत ना?
– सगळे पैसे आगाऊ मागतात का? फोटो दाखवून पैसे उकळणारी बनावट पाने असतात. गावातल्या ओळखीच्या माणसाकडून किंवा प्रत्यक्ष व्हिडीओ कॉलवर खात्री करूनच थोडी रक्कम भरा.

तंबूत काय टाळावे?

थंडी वाजते म्हणून बार्बेक्यूची धगधगती शेगडी तंबूत कधीही घेऊ नये. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू बाहेर पडतो. त्याला वास नसतो, त्यामुळे झोपेतच गुदमरून जीव जाऊ शकतो. मद्यपान केल्यावर पाण्यात उतरणे टाळावेच.

नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचाही काळ. वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर मादी रात्री अंडी घालायला येते. प्रखर दिवे आणि गोंगाट असेल तर ती परत फिरू शकते. पिल्ले उजेडाकडे धावतात, त्यामुळे दिव्यांनी त्यांची वाट चुकते. अशा गावांत रात्री दिवे मंद ठेवावेत, किनाऱ्यावर शेकोटी पेटवू नये. वेळासमध्ये तर गावकऱ्यांच्या घरीच राहण्याची सोय होते.

अडचणीत कुणाला फोन करावा?

पोलीस आणि इतर तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, समुद्रातील बचावासाठी तटरक्षक दल १५५४, ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०. मात्र मदत पोहोचायला वेळ लागतो. त्यामुळे मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचताच पहिला प्रश्न चहा कधी मिळेल हा नसावा. आज भरती किती वाजता, हा असावा.