टँगो
टँगो : ला प्लाता नदीमुखाच्या दोन काठांवरील ब्वेनस एअरीझ (अर्जेंटिना) व माँटेव्हिडिओ (यूरग्वाय) या बंदरांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेले युगुलनृत्य. त्याच्या संगीतासही हीच संज्ञा आहे. परस्परांना कवेत घेऊन, पूर्वनियोजित रचनेवाचून, संगीताच्या आधारे चालणे हे या नृत्याचे मूळ स्वरूप होय. झटकेदार हालचाली व नाट्यपूर्ण पवित्रे म्हणजेच टँगो, हा समज चित्रपट व रंगमंच यांमुळे रूढ झाला. परंतु ते त्याचे केवळ एक रूप आहे. टँगोच्या शैलींतील भेद मुख्यतः तो कोठे, किती गर्दीत व कोणासाठी नाचला जातो, यांवरून पडलेले आहेत.

उगम व विकास : ‘टँगो’ या शब्दाची व्युत्पत्ती विवाद्य आहे. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या दोन्ही शहरांत आफ्रिकी वंशाच्या लोकांचे मेळावे व तेथील ढोलांच्या साथीची नृत्ये यांना उद्देशून तो वापरला जाई. कांदोंबे हे त्यांचे नृत्य, क्यूबातून आलेल्या हाबानेराचा ठेका, पँपास प्रदेशातील मिलोंगा हा गीतप्रकार आणि पोल्का, माझुर्का यांसारखी यूरोपीय युगुलनृत्ये यांच्या संकरातून टँगो घडला. शहरातील उनाड तरुण कृष्णवर्णीयांच्या नृत्यांची टवाळी म्हणून मिलोंगा नाचतात, असे व्हेंतूरा लिंच याने १८८३ मध्ये नमूद केले आहे. टवाळीसाठी उचललेल्या कमरेच्या लचका व मध्येच थबकणे या लकबी पुढे नृत्याचा भाग बनल्या. त्यांतील आफ्रिकी वाटा मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला.

याच काळात इटली, स्पेन इ. देशांतून स्थलांतरितांचे लोंढे आले. १९१४ च्या जनगणनेच्या वेळी ब्वेनस एअरीझची सु. निम्मी लोकसंख्या परदेशांत जन्मलेली होती व तीत एकट्या पुरुषांचा भरणा मोठा होता. दाटीवाटीच्या चाळींची अंगणे, मद्यगृहे व कुंटणखाने येथे हे नृत्य वाढले. त्यामुळे प्रतिष्ठित वर्गाने त्याला हीन लेखले; परंतु १९१२–१४ च्या सुमारास पॅरिसमध्ये टँगोची लाट उसळल्यावर त्याच वर्गाने मायदेशीही त्याचा स्वीकार केला.

संगीत : आरंभीच्या बासरी, व्हायोलिन व गिटार या वाद्यांत विसाव्या शतकाच्या प्रारंभी बँडोनिऑनची भर पडली. भाता व कळा असलेले हे जर्मन वाद्य मूळचे सामान्य लोकांच्या संगीतासाठी होते. त्याच्या खर्जातील, सुस्कार्‍यासारख्या स्वरांमुळे टँगोची लय संथ व वृत्ती गंभीर झाली. हाबानेराच्या ठेक्यात आठ समान अंशांपैकी पहिल्या, चौथ्या, पाचव्या व सातव्या अंशावर आघात येतो. हा ठेका मिलोंगात स्पष्ट उरला. टँगोत मात्र चार सम आघातांची चाल रूढ झाली. आंहेल व्हिलोल्दोची ‘एल चोक्लो’ आणि हेरार्दो मातोस रोद्रिगेसची ‘ला कुंपार्सिता’ या रचना विख्यात आहेत. १९१७ मध्ये कार्लोस गार्देलने (मृ. १९३५) गायिलेल्या ‘मी नोचे त्रिस्ते’पासून विरहाची कथा सांगणारे टँगोगीत प्रतिष्ठित झाले. सु. १९३५–५५ हा टँगोचा सुवर्णकाळ मानतात. ह्वान दार्येन्सोचा ठसठशीत ताल, कार्लोस दी सार्लीची संथ, गोड वळणे, आनीबाल त्रोइलोचा भावपूर्ण बँडोनिऑन व ओस्व्हाल्दो पुग्लिएसेची ताणून धरलेली लय ही या काळाची वैशिष्ट्ये होत. आस्तोर प्यासोल्ला (१९२१–९२) याने जॅझ व अभिजात संगीत यांची जोड देऊन नव-टँगो निर्माण केला. तो मुख्यतः श्रवणासाठी आहे.

शैली : कान्येंगे ही जुनी शैली; तीत गुडघे वाकवून, शरीरे एकमेकांवर रेलून, आखूड पावलांनी नाचतात. सालोन शैली प्रशस्त नृत्यगृहांतील असून तीत ताठ अंगस्थिती, लांब व संथ पावले आणि प्रसंगानुसार सैल वा घट्ट होणारी मिठी आढळते. गर्दीच्या ठिकाणी छातीला छाती भिडवून लहान पावलांनी नाचण्याच्या पद्धतीस मिलोंगेरो म्हणतात. एस्सेनारियो म्हणजे रंगमंचीय टँगो. तो प्रेक्षकांसाठी आधीच बसविलेला असतो व त्यात उड्या आणि उचलण्याच्या क्रिया असतात. १९९० नंतर गुस्ताव्हो नाव्हेइरा प्रभृतींनी हालचालींचे पद्धतशीर विश्लेषण केले. त्यातून खुल्या मिठीचा नव-शैलीचा टँगो पुढे आला. स्पर्धांतून दिसणारा बॉलरूम टँगो ही मात्र वेगळी शाखा होय. १९२० नंतर इंग्लिश शिक्षकांनी तिचे प्रमाणीकरण केले. मानेचे झटके व ठरीव पदक्रम तिच्यात आहेत; समयस्फूर्ततेला वाव कमी आहे.

शिक्षण व संकेत : टँगोचे शिक्षण चालण्यापासून सुरू होते. शरीराचा भार एका पायावर पूर्णपणे घेतल्याखेरीज दुसरे पाऊल टाकावयाचे नाही, हा पहिला नियम होय. सूचना हाताने ढकलून वा ओढून दिली जात नाही. सूचकाच्या छातीचा कल व भारबदल जोडीदाराला मिठीतून जाणवतो आणि तो स्वतःचे पाऊल पुरे करतो. त्यानंतर पाय तिरपा अडकविण्याची फुली (क्रुसे), आठच्या आकड्याप्रमाणे वळणारी पावले (ओचो) व जोडीदाराभोवतीचे वर्तुळ (हीरो) शिकवितात. आठ पावलांचा एक प्राथमिक क्रम बहुधा पाठ करविला जातो. परंतु त्यातच अडकलेला नर्तक गर्दीत निरुपयोगी ठरतो, कारण समोरची जागा प्रत्येक क्षणी बदलते. पूर्वी तरुण पुरुष सरावसभांत पुरुषांबरोबरच शिकत व प्रथम अनुसरणाची बाजू आत्मसात करीत. आता स्त्रियाही सूचकाची भूमिका करतात.

नृत्यसभेसही ‘मिलोंगा’च म्हणतात. तेथे जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात व पुढील जोडीला ओलांडून जाणे असभ्य समजतात. तीन-चार रचनांचा एक गट (तांदा) एकाच जोडीदाराबरोबर नाचतात. आमंत्रण दुरूनच नजरेने व मानेच्या किंचित हालचालीने दिले जाते. त्यामुळे नकार देणार्‍याला संकोच वाटत नाही आणि तो मिळालेल्याचा चारचौघांत अवमान होत नाही.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : १९५५ मध्ये पेरॉनची सत्ता लष्कराने उलथून टाकल्यानंतरची राजकीय अस्थिरता व रॉक संगीताचा प्रसार यांमुळे टँगो मागे पडला. सरावसभा ओस पडल्या आणि सु. एका पिढीला हे नृत्य शिकायलाच मिळाले नाही. १९८३ मध्ये पॅरिस येथे व १९८५ मध्ये ब्रॉडवेवर सादर झालेल्या ‘तांगो आर्हेंतिनो’ या कार्यक्रमाने जगभर नवे कुतूहल जागविले. रंगमंचीय रूपाने आकृष्ट झालेले विद्यार्थी ब्वेनस एअरीझला आले, तेव्हा सुवर्णकाळातील वृद्ध नर्तकच त्यांचे गुरू झाले आणि तुटत आलेली परंपरा त्यांच्याकडून पुढे गेली. २००३ पासून त्या शहरात जागतिक स्पर्धा भरते. तीत सामाजिक व रंगमंचीय टँगोंचे विभाग स्वतंत्र आहेत. २००९ मध्ये अर्जेंटिना व यूरग्वाय यांच्या संयुक्त प्रस्तावावरून यूनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत टँगोचा समावेश केला.