बराकीतली कावीळ जामिनावर सुटते तेव्हा

चाकण, भोसरी किंवा वाकडच्या गुन्ह्यात न्यायालयीन कोठडी झाली की आरोपीची गाडी बहुतेकदा येरवडा मध्यवर्ती कारागृहाकडे वळते. क्षमता सुमारे २,५०० कैद्यांची. आत अनेकदा दुपटीहून जास्त. एवढ्या गर्दीत क्षय आणि खरूज आलीच. हिपॅटायटिस बी आणि सी या काविळींना मात्र नुसती दाटीवाटी पुरत नाही. त्यांना रक्त लागतं, डोळ्यांना न दिसण्याइतकं असलं तरी चालतं.

ते मिळतं कुठे? पातं न बदलता एकाच वस्तऱ्याने चौघांची दाढी झाली की मिळतं. वेळ जात नाही म्हणून कुणी सुई आणि शाई मिळवून दंडावर आईचं नाव गोंदवून घेतो. तीच सुई पुढच्याच्या दंडावर चालते. असुरक्षित शरीरसंबंध हाही मार्ग आहे, फक्त त्याबद्दल कुणी बोलत नाही. बीचा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातही, किमान सात दिवस तग धरतो. बाधित सुई टोचली तर एचआयव्ही लागण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास. लस न घेतलेल्याला बी लागण्याची शंभरात तीसपर्यंत. तरी आपण घाबरतो ते एचआयव्हीलाच.

नशेचं गणितही नीट पाहायला हवं. ऑक्टोबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकण परिसरात २० किलो मेफेड्रोन, म्हणजे एमडी, पकडलं होतं. ही पावडर आपल्याकडे बहुधा नाकाने ओढतात, म्हणून ‘सुई नाही, मग धोका कसला?’ असा समज. पण नाकाचं आतलं अस्तर सोलवटतं, नोटेच्या सुरळीला रक्त लागतं आणि सुरळी हातोहात फिरते. सी त्यातूनही पसरू शकतो.

सीची खरी लबाडी अशी की बहुतेकांना तो लागल्याचं कळतच नाही. डोळे पिवळे होत नाहीत. दूषित पाण्याची कावीळ सहसा आपोआप बरी होते आणि श्रेय गळ्यातल्या काविळीच्या माळेला जातं. सीमध्ये माळ घालायची वेळच येत नाही; वीसेक वर्षांनी कळतं ते थेट यकृत आक्रसल्यावर.

औषध मात्र आहे, आणि उत्तम आहे. सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर, सहसा १२ आठवडे रोज गोळ्या. शंभरातले पंच्याण्णव बरे होतात. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या हिपॅटायटिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत मिळतात. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या चार तुरुंगांत सीच्या बाधितांवर सरसकट उपचार केले, तेव्हा तिथल्या नव्या लागणी जवळपास निम्म्यावर आल्या. बीवर असा रामबाण इलाज नाही, पण लस आहे. आपल्याकडे ती बालकांना देशभर मिळू लागली २०११ च्या सुमारास, म्हणजे आज बराकीत असलेल्या बहुतेकांचं बालपण त्याआधीच संपलेलं.

घोडं अडतं ते तारखेपाशी. देशातले सुमारे तीन चतुर्थांश कैदी न्यायबंदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, आहेत. पाचव्या आठवड्यात जामीन झाला की माणूस चाकणच्या खोलीवर किंवा थेट गावी जातो आणि उरलेल्या गोळ्या तुरुंगाच्या दवाखान्यात राहतात. ब्रिटनमधल्या तुरुंगांत बीची लस सहा महिन्यांत पसरून न देता पहिले तीन डोस २१ दिवसांत देतात, ते याचसाठी. आपल्याला हे न जमण्यासारखं काही नाही. आत येणाऱ्या प्रत्येकाची संमतीने रक्ततपासणी, दाढीला प्रत्येकाचं वेगळं पातं, लसीचा पहिला डोस पहिल्याच आठवड्यात. आणि सुटकेच्या दिवशी हातात उरलेल्या सगळ्या गोळ्या, सोबत घराजवळच्या सरकारी उपचार केंद्राची चिठ्ठी. कारागृह आणि आरोग्य खात्याने एवढं तरी करावं.