नेपाळचा भूकंप (२०१५) : परदेशी मदतकार्य आणि वेळेचा प्रश्न

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळच्या गोरखा जिल्ह्यात बारपाकजवळ ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे ९००० लोक मृत्युमुखी पडले. भारताने त्याच दिवशी ‘ऑपरेशन मैत्री’ सुरू केले. पाठोपाठ अनेक देशांची शोधपथके आली. तथापि सर्व परदेशी पथकांनी मिळून ढिगाऱ्याखालून जिवंत बाहेर काढलेल्यांची संख्या अवघी १६ होती. हा पथकांच्या कौशल्याचा दोष नव्हे. गाडल्या गेलेल्या व्यक्तीच्या जगण्याची शक्यता पहिल्या २४ तासांनंतर झपाट्याने घटते आणि त्या अवधीत हाताशी असतात ते शेजारी, स्थानिक पोलीस व सैनिक. शिवाय काठमांडूच्या विमानतळास धावपट्टी एकच. कित्येक विमानांना घिरट्या घालून परतावे लागले.

४ मे रोजी नेपाळ शासनाने परदेशी शोधपथकांना परत जाण्यास सांगितले. या निर्णयाकडे केवळ राजनैतिक नाराजी म्हणून पाहणे उचित ठरत नाही. शोधकार्याचा काळ सरला होता; निवाऱ्याचा प्रश्न नुकताच सुरू झाला होता. डोंगरी गावांना आता श्वानपथकांपेक्षा ताडपत्री, पत्रे आणि औषधे हवी होती. १२ मे रोजी ७.३ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला, तेव्हा तग धरून उभी असलेली अनेक घरेही कोसळली. पावसाळा जेमतेम महिन्यावर आला होता.